ठसा, आम्ल आणि कागद : मुद्राचित्रांच्या निर्मितीसंबंधी

मराठीत ‘छापील’ हे विशेषण फारशा आदराने वापरले जात नाही. विद्यार्थ्याचे उत्तर छापील आहे असे परीक्षक म्हणतो, तेव्हा ते उत्तर त्याचे स्वतःचे नव्हे, असे त्यास सुचवावयाचे असते. छापील भाषण, छापील अभिनंदन, छापील सांत्वन हे शब्दप्रयोगही त्याच जातीचे. उलटपक्षी, एखाद्या लेखकाने आपल्या काळावर ठसा उमटविला किंवा एखाद्या वक्त्याने सभेवर छाप पाडली, असे आपण म्हणतो, तेव्हा त्यात व्यक्तिमत्त्वाचा गौरव असतो. वस्तुतः क्रिया दोन्हीकडे एकच आहे. एका वस्तूवरील आकृती दाबाने दुसऱ्या वस्तूवर उतरते, एवढेच. तीच क्रिया एकदा निर्जीव पुनरुक्तीची खूण ठरावी आणि दुसऱ्यांदा जिवंत व्यक्तित्वाची, हा विरोध विचार करण्याजोगा आहे. मुद्राचित्रकलेचे मर्म समजून घ्यावयाचे तर याच विरोधापासून आरंभ करणे सोयीचे होईल.

काष्ठठसा, एचिंग, लिथोग्राफ इत्यादी रीतींनी काढलेली चित्रे प्रदर्शनात मांडली असता सुशिक्षित प्रेक्षकही बहुधा एक प्रश्न विचारतात : ‘हे छापलेले आहे, मग मूळ चित्र कोठे आहे?’ प्रश्न प्रामाणिक असतो. परंतु त्यात एक गृहीत दडलेले असते. चित्र म्हणजे एकमेव वस्तू. तिच्यावरून छापलेले जे काही असेल ती तिची प्रत, म्हणजे नक्कल, असे ते गृहीत होय. मुद्राचित्राच्या बाबतीत हे गृहीत का टिकत नाही, आणि छापण्याची क्रिया हीच तेथे निर्मितीची क्रिया कशी होते, हे थोडक्यात सांगण्याचा आमचा उद्देश आहे.

या गैरसमजाचे कारण आपल्या घरांच्या भिंतींवरच सापडते. राजा रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईत शिळाछापखाना काढला. पुढे तो लोणावळ्याजवळील मळवली येथे नेण्यात आला. तेथून निघालेल्या लक्ष्मी-सरस्वतीच्या रंगीत तसबिरी घरोघरी पोचल्या, आणि ‘छापलेले चित्र’ या शब्दांचा अर्थ आपल्या मनात त्या तसबिरींवरून ठरला. त्यांचे सांस्कृतिक महत्त्व मोठे आहे, यात संशय नाही. परंतु त्यांच्या निर्मितीचा क्रम ध्यानात घ्यावा. चित्रकार प्रथम तैलरंगात चित्र पूर्ण करी. नंतर कारागीर त्या चित्रातील रंगांचे पृथक्करण करून एकेका रंगासाठी एकेक शिळा तयार करीत, आणि त्या शिळा एकावर एक छापून मूळ चित्राचा शक्य तितका भास निर्माण करीत. म्हणजे येथे ठशाला हात लागण्यापूर्वीच चित्र पूर्ण झालेले असते, आणि ठशाचे काम ते पोचविण्याचे असते. अशा चित्राला प्रतिकृती म्हणणे योग्यच आहे.

मुद्राचित्राची गोष्ट निराळी. तेथे ठशापूर्वी चित्र पूर्ण नसते. ते ठशातून आणि ठशामुळे पूर्ण होते. आमच्या मते भेदाची खरी कसोटी हीच आहे. प्रती किती निघाल्या, यंत्र वापरले की हात वापरला, हे प्रश्न तिच्यापुढे गौण होत.

ही कसोटी पटण्यास आपल्या इतिहासातील एक परिचित दाखला पुरेसा आहे. मराठेशाहीतील पत्रावर आरंभी मुद्रा आणि अखेरीस मोर्तब उमटविलेले असे. मुद्रेचा धातूचा शिक्का दरबारीच राही, आणि गावोगाव जाई तो केवळ त्याचा शाईतला उमटा. तरीही पत्र हाती पडलेला देशमुख ‘ही नक्कल आहे, मूळ शिक्का दाखवा’ असे म्हणत नसे. पत्राला अधिकार प्राप्त होई तो त्या उमट्याने. शिक्क्यावरची अक्षरे उलटी असतात आणि ती वाचण्यासाठी कोरलेली नसतात. कागदावर सुलट उमटण्यासाठीच त्यांचा जन्म असतो. मुद्राचित्रकाराचा ठसाही असाच असतो. तो चित्राचे साधन होय, चित्र नव्हे. चित्र कागदावर असते, आणि चित्रकाराने स्वतः काढलेला किंवा मान्य केलेला प्रत्येक उमटा मूळ असतो.

आता तंत्राकडे वळू. ठशाच्या कोणत्या भागावर शाई राहते, यावरून मुद्राचित्राच्या तीन प्रमुख रीती होतात. उंचवट्यावर शाई राहते ती पहिली, खोलगट रेषेत राहते ती दुसरी, आणि ज्या सपाट पृष्ठात उंचही नाही व खोलही नाही अशा पृष्ठावर राहते ती तिसरी. रेशमी जाळीतून शाई खाली उतरविण्याची चौथी रीत विसाव्या शतकात कलावंतांनी जवळ केली. तिचा येथे नुसता उल्लेख करून ठेवतो.

पहिली रीत काष्ठठशाची. कापडावर छाप उठविणाऱ्या रंगाऱ्याचे सागवानी ठसे ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना ती समजावून सांगावयास नको. जे पांढरे राहावयाचे ते कोरून काढावयाचे, आणि जे काळे दिसावयाचे ते राखावयाचे. लेखणीने रेषा काढणारा काळी रेषा देतो. पटाशी चालविणारा पांढरा अवकाश देतो. म्हणजे येथे चित्रकार उजेड कोरीत असतो. आणि लाकडाला स्वतःचा स्वभाव असतो. रेषा त्याच्या शिरांच्या दिशेने गेली तर सहज जाते. आडवी गेली तर लाकूड अडते, ढलपा उडतो. सामान्य कारागिराला ही अडचण वाटते. नॉर्वेचा चित्रकार एडवर्ड मुंक याने तिलाच चित्राचा विषय केले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या वर्षांतील त्याच्या ‘चुंबन’ या काष्ठमुद्रांत फळीच्या उभ्या शिरा कागदावर स्पष्ट उमटल्या आहेत, आणि दोन माणसांचे आकार त्या शिरांतूनच वर आल्यासारखे दिसतात. शिवाय तो फळी करवतीने तुकड्यातुकड्यांत कापी, प्रत्येक तुकड्यास निराळी शाई लावी, आणि ते पुन्हा जुळवून एकदम छापी. हे परिणाम कुंचल्याने साधले नसते. ते लाकडाने दिले.

येथे एक शंका संभवते. जपानमध्ये चित्रकार केवळ रेखाटन करी. कोरणारा निराळा, छापणारा निराळा, आणि सर्वांस कामाला लावणारा प्रकाशक निराळा. होकुसाई याची १८३१च्या सुमाराची सुप्रसिद्ध ‘महालाट’ अशीच अनेकांच्या हातून घडली. मग ती रविवर्म्याच्या तसबिरींप्रमाणे प्रतिकृतीच का म्हणू नये? उत्तर पद्धतीतच आहे. होकुसाईचे पातळ कागदावरील रेखाटन ठोकळ्यावर पालथे चिकटविले जाई, आणि कोरणारा त्याच्यासकटच लाकूड कोरी. म्हणजे कोरणीबरोबर रेखाटन नष्ट होई. लाटेचा तो गडद निळा रंग होकुसाईने कोणत्याही पटावर आधी रंगविलेला नव्हता. तो प्रथम छापातच अवतरला. ज्याची नक्कल म्हणावी असे मागे काही उरतच नाही. हात अनेक असले तरी चित्र ठशातूनच जन्मले. म्हणून आमच्या कसोटीला ते उतरते.

दुसरी रीत धातूच्या पत्र्याची. तांब्यावर कोरून छापणे आपल्या प्रदेशास अगदीच अपरिचित नव्हते. तांबटाकडून तांब्याच्या पत्र्यांवर अक्षरे कोरवून भगवद्गीता छापण्याचा उद्योग १८०५ साली मिरजेस सिद्धीस गेला, हे मुद्रणेतिहासाच्या अभ्यासकांस ठाऊक आहे. चित्रकार ही रीत वापरतात तेव्हा शाई रेषेच्या खाचेत भरली जाते, आणि वरचे पृष्ठ मलमलीने व शेवटी तळहाताने पुसून घेतले जाते. मग ओलसर केलेला कागद पत्र्यावर ठेवून, त्यावर लोकरी कापडाचे पदर घालून, सर्व काही जड रुळांच्या दाबाखालून नेतात. कागद ओला असल्याने त्याचे तंतू मऊ होतात, खाचेत शिरतात आणि तेथली शाई उचलून आणतात. अशा चित्राच्या रेषेवरून बोट फिरविल्यास ती किंचित उठलेली लागते, आणि पत्र्याच्या कडांचा दाब कागदावर चौकटीसारखा कायम राहतो.

खाच पाडण्याचे प्रकार अनेक आहेत. टोकदार कोरणीने धातू सरळ कापून काढला तर रेषा स्वच्छ व कठोर येते. पोलादी सुईने पत्रा नुसता ओरखडला तर रेषेच्या काठाशी धातूची बारीक कड उठते. ती कड शाई धरून ठेवते, आणि रेषा मखमलीसारखी दाट उमटते. मात्र दाबाखाली ही कड लवकर झिजते. त्यामुळे पहिले काही उमटे समृद्ध, आणि पुढचे क्रमाने फिके होत जातात. तिसरा प्रकार एचिंगचा, ज्यास आपल्याकडे अम्लरेखन म्हणतात. पत्र्यावर मेण व राळ यांचा पातळ लेप देतात. त्या लेपावर सुईने हलकेच रेखाटन करतात, आणि पत्रा आम्लात बुडवितात. सुईने जेथे लेप हटविला तेथेच आम्ल धातू खाते. थोडा वेळ ठेवला तर रेषा कोवळी, अधिक वेळ ठेवला तर खोल व काळी. काही रेषा पुरेशा झाल्या की त्या वार्निशाने झाकून उरलेल्या पुन्हा आम्लात द्यावयाच्या. चित्रकाराच्या हाताच्या जोराची जागा येथे काळ घेतो. किती मिनिटे, हा येथे कलेचाच प्रश्न होतो.

रेषेऐवजी छटा हवी असेल तर पत्र्यावर राळेची भुकटी उडवून ती तापवून चिकटवितात. कणांच्या मधल्या सूक्ष्म जागांत आम्ल शिरते, आणि सपाट करडा किंवा काळा रंग उमटतो. यास अ‍ॅक्वाटिंट म्हणतात. स्पेनच्या गोयाने १७९९ साली प्रसिद्ध केलेल्या ‘काप्रिचोस’ या ८० चित्रांच्या मालिकेतील रात्र या राळेच्या कणांतून आलेली आहे. युद्धातील अत्याचारांवरील त्याची दुसरी मालिका त्याच्या हयातीत प्रसिद्ध होऊ शकली नाही. १८२८ साली तो वारला, आणि ती चित्रे निघाली १८६३ साली. गोयाने स्वतः काढलेल्या चाचणी-उमट्यांत पत्रा स्वच्छ पुसलेला असून उजेड निष्ठुर आहे. मरणोत्तर आवृत्तीत पुसताना शाईचा पातळ पडदा राखला गेल्याने तोच देखावा मंद व नाट्यमय झाला. पत्रा तोच, रेषा त्याच. केवळ पुसणाऱ्या हाताचा भेद. छापणे ही निव्वळ यांत्रिक क्रिया असती तर असे घडले नसते.

तिसरी रीत शिळेची. बव्हेरियातील आलोइस सेनेफेल्डर हा नाटके लिहिणारा गृहस्थ होता. स्वतःचे लेखन स्वस्तात छापण्याच्या खटपटीत अठराव्या शतकाच्या अखेरच्या वर्षांत त्याला हा शोध लागला. तेल व पाणी यांचे जमत नाही, एवढ्या घरगुती अनुभवावर तो उभा आहे. चुनखडीच्या घोटलेल्या दगडावर स्निग्ध खडूने वा शाईने रेखाटन करावयाचे. डिंक व सौम्य आम्ल यांनी दगड सिद्ध करावयाचा. मग तो ओला करून त्यावर तेलकट शाईचा रूळ फिरवावयाचा. ओल्या भागावर शाई बसत नाही, रेखाटनावर बसते. मुंबईत गणपत कृष्णाजी यांनी १८३१ साली मराठी पंचांग छापले ते याच रीतीने, आणि आपल्या जुन्या घरांतील शिळाछापाच्या पोथ्याही याच कुळातील. दगड खडूची अगदी फिकट किनारही जपून ठेवतो. म्हणून ही रीत चित्रकाराच्या स्वाभाविक हस्ताक्षराला सर्वांत जवळची आहे. फ्रान्समधील दोमिए याने तिच्या साहाय्याने सुमारे ४००० चित्रे काढली. त्यातून राज्यकर्त्यांची जी संभावना झाली, तिच्यापायी त्यास तुरुंगवासही घडला.

या सर्व रीतींत एक गोष्ट समान आहे. चित्रकार जे करतो ते त्यास लगेच दिसत नाही. रंगचित्रकार कुंचला उचलतो तोच परिणाम त्याच्या डोळ्यांपुढे असतो. मुद्राचित्रकाराला डावे उजवीकडे कल्पावे लागते, काळ्याऐवजी पांढरे कल्पावे लागते, आणि आम्लाने वा दाबाने काय केले हे कागद उचलीपर्यंत ठाऊक नसते. या विलंबामुळे त्याच्या कामास संवादाचे रूप येते. तो पत्र्याला काही सांगतो. पत्रा त्याला कागदावर उत्तर देतो. ते उत्तर पाहून तो पुन्हा पत्र्याकडे वळतो. मधल्या प्रत्येक टप्प्याचा उमटा कागदावर शिल्लक राहतो, आणि त्यास ‘अवस्था’ म्हणतात.

या अवस्थांचे साहित्याच्या अभ्यासकांना विशेष अगत्य वाटावे. कवीचे खर्डे बहुधा फाडले जातात. रंगचित्राचे पहिले थर शेवटच्या थराखाली गाडले जातात. मुद्राचित्रात मात्र निर्मितीचा मार्ग पायरीपायरीने उघडा राहतो. रेम्ब्रांटचे ‘तीन क्रूस’ हे चित्र याचे सर्वोत्तम उदाहरण होय. १६५३ साली त्याने सुईने व कोरणीने थेट तांब्यावर हे चित्र कोरले. पहिल्या अवस्थांत वरून उजेडाचा झोत येतो, आणि क्रुसाभोवती शोक करणारे, पळणारे, गुडघे टेकलेले असे अनेक लोक स्पष्ट दिसतात. तिसऱ्या अवस्थेवर त्याने स्वाक्षरी केली, साल घातले. चित्र पूर्ण झाले असे कोणीही म्हटले असते. परंतु पुढे तोच पत्रा त्याने पुन्हा हाती घेतला, अनेक आकृत्या खरवडून घोटून पुसल्या, नवा घोडेस्वार आणला, आणि सबंध पृष्ठावर सरळ व निर्दय रेषांचा अंधार ओढला. चौथ्या अवस्थेत गर्दी जवळजवळ बुडाली आहे. उरला आहे तो काळोख, आणि त्यात एकाकी क्रूस.

सुरवातीच्या अवस्थांत रेम्ब्रांट एक घटना सांगत होता. अखेरच्या अवस्थेत तिचा अर्थ सांगू लागला, असे आम्हांस वाटते. आणि हे परिवर्तन पत्र्याने शक्य केले. पुसलेल्या आकृतींच्या खुणा तांब्यात अंधुकपणे राहिल्याच. त्या अंधारात भुतासारख्या जाणवतात. कोरे तांबे घेऊन नव्याने काम केले असते तर हा परिणाम साधला नसता. येथे तिसरी अवस्था चौथीचा नुसता खर्डा नव्हे, आणि चौथी ही तिसरीची दुरुस्तीही नव्हे. दोन्ही मूळ आहेत.

आता प्रतींच्या संख्येविषयी. आजच्या मुद्राचित्राखाली पेन्सिलीने ७/३० असा अपूर्णांक लिहिलेला दिसतो. एकूण ३० उमटे मान्य केले, त्यांपैकी हा सातवा, असा त्याचा अर्थ. ते काढून झाल्यावर पत्र्यावर आडवी रेघ ओढून तो पुष्कळदा रद्द केला जातो. ही प्रथा अलीकडची. रेम्ब्रांटला ती ठाऊक नव्हती. तिच्यात बाजाराचा हिशेब आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु संख्येमागे मोठी गोष्टही आहे. एक चित्र एकाच श्रीमंताच्या दिवाणखान्यात अडकून न पडता तीस घरांत मूळ रूपाने जाऊ शकते. ग्रंथावर प्रेम करणाऱ्यांना या औदार्याचे महत्त्व निराळे सांगावयास नको.

आपल्या देशातील विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या कलेने स्वतंत्र वाटा काढल्या. आंध्रातील चित्तूर जिल्ह्यात १९२५ साली जन्मलेले कृष्ण रेड्डी शांतिनिकेतनात शिकून पुढे पॅरिसमध्ये हेटर यांच्या कार्यशाळेत गेले. मुळात शिल्पकाराची दृष्टी असल्याने त्यांनी पत्रा वेगवेगळ्या पातळ्यांवर शिल्पासारखा कोरला. शाईत तेलाचे प्रमाण कमीअधिक केले असता पातळ शाई घट्ट शाईला आपल्यावर बसू देत नाही, हा गुण तेथे हेरला गेला. कठीण रूळ वरच्या पातळीवर पातळ शाई ठेवतो, मऊ रूळ खोल पातळीपर्यंत घट्ट शाई पोचवितो, आणि अनेक रंग एकाच पत्र्यावरून एकाच दाबात उमटतात. या रीतीच्या विकासात रेड्डींचा वाटा मोठा आहे. रविवर्म्याच्या छापखान्यात रंगाला शिळा लागत तितक्या. येथे रंग एका पत्र्यातच वाढतो.

सोमनाथ होर (१९२१–२००६) यांनी १९४३ चा बंगालचा दुष्काळ डोळ्यांनी पाहिला होता. १९७० नंतरच्या त्यांच्या ‘जखमा’ या मालिकेत शाई जवळजवळ नाहीच. मऊ पृष्ठावर सुरीने व तापलेल्या हत्यारांनी घाव घालावयाचे, त्याचा सिमेंटचा साचा घ्यावयाचा, आणि त्यात कागदाचा लगदा बसवावयाचा. वाळल्यावर पांढऱ्या कागदावर पांढरीच जखम उरते. दुःखाचे चित्र त्यांनी काढले नाही. कागदालाच ते सोसावयास लावले. ज्या विषयाने त्यांचा आयुष्यभर पाठलाग केला, त्याला त्याची रीत या मार्गाने सापडली. तंत्र आणि आशय यांचे इतके निकट नाते क्वचितच पाहावयास मिळते.

या कलेला आश्रय देणाऱ्या संस्थांत बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विश्वविद्यालयाच्या ललितकला विभागाचा उल्लेख अवश्य केला पाहिजे. १९५० साली तो सुरू झाला, आणि इंदूरचे नारायण श्रीधर बेंद्रे यांनी तेथे चित्रकलेचे अध्यापन केले. त्यांचे विद्यार्थी ज्योती भट्ट यांनी पुढे अम्लरेखनात लोककलेतील आकृतींना नवे जीवन दिले. मराठी भाषकांची जुनी वस्ती असलेल्या नगरांशी या कलेचा असा संबंध असताना, मराठी समीक्षेत तिच्याविषयी इतके थोडे लिहिले जावे, ही खेदाची गोष्ट आहे.

शिक्षकांस आमची एक सूचना आहे. वर्गात लिनोलियमचा एक लहान तुकडा, एक कोरणी, थोडी शाई आणि मागून दाबण्यास एक चमचा एवढ्या साहित्यावर मुलांना एकदा ठसा करू द्यावा. आपले नाव उलटे कोरले पाहिजे हे समजण्यापूर्वी बहुतेक मुले ते सुलट कोरतील. ते कोरू द्यावे. पहिला उमटा पाहून दुरुस्ती करावी, दुसरा काढावा, आणि दोन्ही कागद शेजारी ठेवून काय बदलले व का बदलले याविषयी मुलांना चार वाक्ये लिहावयास सांगावी. चित्रकलेच्या तासाइतकाच हा निबंधाचाही धडा होईल. कारण आपले म्हणणे बाहेर ठेवून, ते परक्यासारखे पाहून, पुन्हा हाती घेणे हीच लेखनाचीही शिस्त आहे.

आणि यापुढे एखाद्या मुद्राचित्रासमोर उभे राहिल्यावर ‘मूळ कोठे आहे?’ असे विचारण्याऐवजी, ‘हे कोणत्या ठशातून आले, आणि त्या ठशाने चित्रकाराला काय दिले?’ असे विचारावे. एवढा बदल झाला तरी ‘छापील’ या शब्दाचा जुना दोष निदान या कलेपुरता उरणार नाही.